फर्नची पावडर पेरली आणि डब्यात ‘शेवाळ’ आलं? फेकू नका, आधी भिंगातून बघा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ऑगस्टमध्ये घरच्या कुंडीतल्या फर्नच्या पानामागची तपकिरी पावडर झटकून तुम्ही कोकोपीटवर ‘बी’ म्हणून पेरली, वरून चाळलेल्या मातीचा पातळ थर दिला आणि डबा झाकून उत्तरेच्या खिडकीत ठेवला. आता नोव्हेंबर लागला, रोप एकही नाही, नुसता हिरवा थर धरलाय. मुलगा नववीत आहे आणि त्याच्या पुस्तकात फर्न ‘अबीजपत्री’मध्ये आहे. म्हणजे बी नसतंच, मग ही पावडर काय आणि डबा फेकायचा का? शिवाय त्याची एक शंका: बिनबियांची द्राक्षं आणि केळी पण अबीजपत्रीच का?

मुलाच्या शंकेचं आधी सांगतो, कारण ती छोटी आहे. नाही. केळी आणि द्राक्ष ही फुलं येणारी, मुळात बी धरणारी झाडं. त्या जातींत बी पूर्ण होत नाही एवढंच. आपल्या संत्र्यात बी असते, उद्या बिनबियांचं संत्रं काढलं तरी ते संत्र्याचंच झाड राहील. अबीजपत्री म्हणजे ज्यांच्या कुळातच कधी बी नव्हती अशा वनस्पती: शेवाळ, मॉस, नेचे म्हणजे फर्न, आणि त्यांचे थोडे कमी ओळखीचे सोयरे.

आता डबा. फेकू नका. तुम्ही ज्याला शेवाळ म्हणताय त्यातलं काही खरंच शेवाळ असेल, पण काही बहुतेक फर्नच आहे. फक्त ते फर्नसारखं दिसत नाही, आणि दिसणारही नाही. मूळ अडचण पेरण्यात नाही, पावडरीला बी समजण्यात आहे. एकदा बी समजलं की पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो: मातीखाली दाबणं, भरपूर पेरणं, महिनाभरात अंकुराची वाट बघणं, आणि न दिसला की कंटाळणं.

हरभऱ्याचा दाणा रात्रभर भिजवून सोला. आत दोन डाळी, आणि त्यांच्यामध्ये इवलासा कोंब. म्हणजे बाळ तयार आहे, शिदोरी बांधलेली आहे आणि वर कवच आहे. पावडरीचा कण, म्हणजे बीजाणू (विश्वकोशात याला ‘बीजुक’ म्हटलेलं सापडेल), ही एकच पेशी आहे. साधारण ३० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये वीस-तीस कण ओळीने बसतील. गर्भ नाही, शिदोरी जवळजवळ नाही. म्हणूनच बहुतेक फर्नच्या बीजाणूंना रुजायला उजेड लागतो, कारण पहिल्या दिवसापासून स्वतःचं अन्न स्वतः करायचं असतं. तुमच्या मातीच्या थराखाली गेलेले बीजाणू अजून तसेच पडून असतील. जे वर राहिले ते रुजले.

रुजून काय होतं, इथे खरी गंमत आहे. बीजाणूतून थेट फर्न येत नाही. आधी पेशींचा एक हिरवा धागा येतो, तो पसरट होतो आणि दोन-तीन महिन्यांत नखापेक्षा लहान, हृदयाच्या आकाराचा चपटा तुकडा तयार होतो. याला प्रोथॅलस म्हणतात, मराठीत पूर्वकायक. मध्यभागी थोडा जाड, कडेला एकाच पेशीच्या जाडीचा. मुळं नाहीत, खालून केसासारखे मूलाभ निघतात. हा फर्नचा कोंब नव्हे. हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं वेगळं झाड आहे. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो, मोठ्या फर्नमध्ये दोन. याच्या पोटाखाली, मूलाभांच्या गर्दीत नर अवयव असतात आणि खालच्याच बाजूला, पण खाचेजवळ, मादी अवयव. नर अवयवातून शुक्राणू सुटतात, त्यांना अनेक शेपट्या असतात, आणि ते अक्षरशः पोहत अंडपेशीपर्यंत जातात. फलन झालं की त्या खाचेतून पहिलं खरं पान वर येतं. तेच तुमचं फर्न. ते मोठं होतं, पानामागे पुन्हा बीजाणू धरतं, आणि चक्र पुन्हा सुरू.

एकाच वनस्पतीची दोन झाडं, आळीपाळीने. पुस्तकात याला पिढ्यांचं एकांतरण म्हणतात. मॉसपासून फर्नपर्यंत आणि पुढे बी धरणाऱ्या झाडांपर्यंत हाच सांगाडा आहे हे १८५१ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म होफमाइस्टरने दाखवलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, पोटापाण्याला पुस्तकविक्रीचा व्यवसाय आणि वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेलं. मुलाला हे जरूर सांगा.

या सगळ्यातून डब्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवायची: शुक्राणूला पोहायला पाणी लागतं. थेंबांचा वर्षाव नको, पण प्रोथॅलसच्या पोटाखाली मूलाभांपासून खाचेपर्यंत पाण्याचा सलग पापुद्रा हवा. डबा ओलसर आहे, झाकणावर वाफ धरते, तरी हा पापुद्रा नसेल तर हिरवी हृदयं महिनोन्‌महिने तशीच बसून राहतात. घरी पेरलेले बरेच डबे इथेच अडकतात.

आता भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग पुरतं, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावायची क्लिप-लेन्स. डबा खिडकीपाशी तिरपा धरा आणि उजेड मागून येऊ द्या. गडद, निळसर हिरवा, बुळबुळीत थर असेल, बोटाला लागतो आणि कुबट वास येतो, तर ते शेवाळ. मखमलीसारखं, बारीक धाग्यांचं जाळं असेल आणि त्यातून सुईच्या टोकाएवढ्या पानांचे तुरे निघत असतील तर ते मॉस. आणि एकमेकांवर चढलेले, काचेसारखे पारदर्शक हिरवे खवले दिसले, ज्यांच्या कडा उजेडात चमकतात आणि एखाद्यात स्पष्ट खाच दिसते, तर अभिनंदन, ते प्रोथॅलस. चौथी शक्यता नर्सरीच्या कुंडीतून आलेली असते: रुंद, फिती-फितींचं, टोकाला दुभंगलेलं आणि पाठीवर बारीक वाट्या असलेलं. ते मार्शान्शिया, मॉसच्या नात्यातलं. त्या वाट्यांतल्या टिकल्या पाण्याच्या थेंबाने उडून सगळा डबा व्यापतात, म्हणून दिसलं की चिमट्याने उचलून टाका.

खवले दिसले, पण सगळे अरुंद, जिभेसारखे आणि दाटीवाटीने उभे असतील तर ‘जास्त पेरलं’ असं समजा. हे नुसतं अन्नपाण्याच्या चुरशीने होत नाही. बऱ्याच फर्नमध्ये आधी वाढलेले प्रोथॅलस एक रसायन सोडतात, त्यामुळे शेजारचे लहान प्रोथॅलस नर होऊन बसतात. दाट डब्यात नरच नर, अंडपेशी मोजक्या. चिमूटभर पावडर म्हणजे लाखो बीजाणू. तळहाताएवढ्या डब्याला टूथपिकच्या टोकावर बसेल तेवढी पुरते.

तुमच्या आहे त्या डब्याचं आता काय करायचं? आधी दाटी मोडा. दुसरा स्वच्छ डबा घ्या, त्यात उकळत्या पाण्याने दोनदा धुतलेलं, गार झालेलं कोकोपीट तीनेक सेंटिमीटर भरा. खवल्यांचा थर जिथे चांगला आहे तिथून एक सेंटिमीटरचे चौकोन माध्यमासकट टोकदार चमच्याने उचला आणि नव्या डब्यात तीन-तीन सेंटिमीटरवर ठेवा, हलकेच दाबा. बुळबुळीत थराचे भाग नेऊ नका. मग पाणी: पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं, उकळून कोमट होऊ दिलेलं. बारीक फवाऱ्याने इतकं मारा की खवले ओलेचिंब चमकतील. डबा एका बाजूला जरा तिरपा करा म्हणजे पाणी पृष्ठभागावरून फिरेल. तासाभराने साचलेलं जास्तीचं पाणी कापसाने टिपून घ्या आणि झाकण लावा. आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. सकाळी करा, रात्री गारठ्यात नको.

बोअरचं पाणी वापरत असाल आणि कुंड्यांवर पांढरा थर धरत असेल तर ते इथे चालणार नाही. एका पेशीच्या जाडीच्या झाडाला क्षार लपवायला जागाच नसते, कडा तपकिरी होतात. कोकोपीट न धुता वापरलं तरी हेच होतं, कारण त्यातच मीठ असतं.

पहिलं पान दोन-पाच मिलिमीटरचं येईल, पंख्यासारखं, आईच्या पानाशी अजिबात साम्य नसलेलं. घाबरू नका. तीन-चार पानांनंतर रूप दिसायला लागतं. दोन-तीन पानं झाली की १९:१९:१९ सारखं विरघळणारं खत लिटरला पाव ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. त्याहून जास्त नको. त्याआधी खत दिलं तर पोसलं जातं ते शेवाळ.

बिघडतं कुठे तेही सांगतो. पांढऱ्या कापसासारखी बुरशी दिसली तर तो भाग आजूबाजूच्या बोटभर कडेसकट काढून टाका आणि झाकण तासभर उघडा. बुरशीनाशकाच्या मागे लागू नका, तांब्याचं तर मुळीच नको, त्याने प्रोथॅलस जळतात. बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर त्यांच्या अळ्या आत खवले खात आहेत. पिवळं चिकट कार्ड लावा आणि झाकणाची फट बंद करा. या माश्या बहुतेक वेळा गांडूळखतातून येतात, म्हणून या टप्प्यावर गांडूळखत नकोच, कितीही चांगलं असलं तरी.

इथवर सगळं ‘बहुतेक’ म्हणून सांगतोय, कारण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: फर्न कोणतं? त्यावर बरंच अवलंबून आहे. आपल्याकडे, नागपूरच्या नर्सऱ्यांत सर्वांत जास्त मिळतं ते बोस्टन फर्न, लांब लोंबत्या पानांचं. त्याच्या पानामागे ठिपके आले तरी या लागवडीच्या जातींची पावडर बहुतेक वांझ असते. तुमचं बोस्टन असेल तर डब्यातले खवले त्याचे नाहीत. मग कोणाचे? कुंडीतून, मातीतून किंवा हवेतून आलेल्या दुसऱ्या फर्नचे. बरेचदा ते टेरिस विटाटा निघतं, जुन्या विटांच्या भिंतीवर, विहिरीच्या काठावर आणि नालीच्या कडेला उगवणारं शिडीसारख्या पानांचं. वाईट नाही, पण तुम्हाला हवं ते नाही. बोस्टन वाढवायचं तर त्याच्या बुडातून निघणारे दोऱ्यासारखे धावरे बघा. धावऱ्याचा एक भाग शेजारच्या लहान कुंडीत केसांच्या पिनेने मातीला टेकवून ठेवा, दीड महिन्यात मूळ धरून नवा फुटवा येतो. तिथे बीजाणूंचा खटाटोप करणं म्हणजे घरात आंब्याची पेटी असताना कोय पेरणं.

बर्ड्‌स नेस्ट, म्हणजे मधून रुंद चकचकीत पानांची वाटी करणारं फर्न, याचं उलट. ते सहसा फुटवे देत नाही, त्याला बीजाणूच पेरावे लागतात. हंसराज दोन्ही वाटांनी होतो, गड्डा विभागूनही. हरणाच्या शिंगासारखं स्टॅगहॉर्न पिल्लं देतं, पिल्लू काढणं सोपं. काही फर्न तर फलनाला फाटा देतात, प्रोथॅलसमधून सरळ नवं रोप फुटतं, पाण्याचा पापुद्रा असो-नसो. सायर्टोमियम हे नर्सरीत मिळणारं त्यातलंच एक.

पुढच्या वेळी पहिल्यापासून करायचं झालं तर पान निवडण्यापासून काळजी घ्या. पानामागचे ठिपके हिरवट-पांढरे असतील तर कच्चे, गडद तपकिरी, चमकदार आणि फुगीर असतील तर पक्के, आणि गंजासारखे, विस्कटलेले असतील तर पाखरू उडून गेलेलं आहे, उरलीत फक्त टरफलं. पक्कं पान भिंगाखाली टेबललॅम्पच्या उबेत धरून बघा, मुलाला बोलावून. प्रत्येक ठिपका म्हणजे डझनावारी बारीक पिशव्यांचा पुंजका. प्रत्येक पिशवीच्या पाठीवर जाड भिंतींच्या पेशींचा पट्टा असतो. पट्ट्यातलं पाणी सुकतं तसा तो आक्रसून मागे वाकतो, गोफणीसारखा ताणला जातो. शेवटी आतलं पाणी तुटतं, बुडबुडा होतो आणि पट्टा क्षणात परत झपकन आपटतो. बीजाणू फेकले जातात. लाह्या फुटाव्यात तसं एकामागून एक चालू राहतं. एका पिशवीत साधारण ६४ बीजाणू. एका मोठ्या पानावर लाखो.

पानाचा तुकडा पांढऱ्या गुळगुळीत कागदावर, ठिपके खाली करून ठेवा, वरून दुसरा कागद, आणि एक-दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. मग कागद तिरपा धरून खालून टिचकी मारा. जाडसर टरफलं आधी घसरतात, बारीक पूड कागदाला चिकटून राहते. टरफलं टाकून द्या, पूड ठेवा, असं दोन-तीनदा करा. बुरशी आणि परके बीजाणू बहुतेक टरफलांसोबतच येतात, तेव्हा ही पाच मिनिटं वाचवू नका. पूड कागदाच्या पुडीत, कोरड्या डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात बराच काळ टिकते. अपवाद हिरव्या बीजाणूंचा, उदाहरणार्थ फर्नचं सोयरं असलेल्या एक्विसेटमचे. ते काही दिवसांतच मरतात, काढल्याबरोबर पेरायचे.

पेरायला माझी पसंती कोकोपीटपेक्षा विटेला आहे. लाल भाजक्या विटेचा अर्धा तुकडा वीस मिनिटं पाण्यात उकळा, गार करा, पसरट भांड्यात दोन सेंटिमीटर पाण्यात उभा ठेवा, वरच्या अंगावर पूड भुरभुरा आणि काचेची बरणी पालथी घाला. वीट खालून पाणी ओढत राहते, वरचा पृष्ठभाग ना कोरडा ना तुंबलेला, आणि पाणी खालून देत असल्याने पूड वाहून जात नाही. मात्र राखेची वीट घेऊ नका. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे आपल्याकडे राखेच्या विटा पैशाला पासरी, पण त्यांत सिमेंट किंवा चुना असतो आणि बहुतेक फर्नना तो मानवत नाही. हंसराज आणि टेरिस विटाटा चुन्याच्या जुन्या भिंतीवर मजेत वाढतात, ते वेगळं.

वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरची. तापमान २० ते २६ अंश असलं की बीजाणू खूश असतात. झड लागलेली असताना पेरलं तर हवेतले परके बीजाणू आणि माश्या जास्त. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ वर गेला की वाढ थांबल्यासारखी वाटते, त्यात काळजी नाही. खरा हिशेब मे महिन्याचा आहे: नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होईपर्यंत रोपाला चार पानं आणि कडक व्हायला दोन महिने मिळाले पाहिजेत. तुमच्या डब्यात दाटी मोडून डिसेंबर उजाडेल, पहिली पानं फेब्रुवारीत. म्हणजे काठावर. तेव्हा या रोपांना यंदाचा उन्हाळा झाकणाखालीच, घरातल्या सर्वांत गार खोलीत काढू द्या, झाकण उघडायची घाई जुलैपर्यंत करू नका. मग रोज थोडं, आगपेटीच्या काडीएवढ्या फटीपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत पूर्ण उघडायचं. मोठ्या रोपांनाही आपल्याकडे ४५ अंशांपेक्षा कोरडी हवा जास्त मारते. कूलरची खोली चांगली, पण कूलरच्या झोतात नको, ओलसर वारासुद्धा झोतात पान सुकवतो. खडे आणि पाण्याच्या ट्रेवर कुंडी ठेवायचा सल्ला सगळीकडे दिसतो. नागपूरच्या लूपुढे त्याचा उपयोग नावापुरताच. न्हाणीघराची खिडकी त्यापेक्षा कामाची.

आता मुलाच्या धड्याकडे. ‘शुक्राणूला पोहायला पाणी’ हे सूत्र धरलं की गट पाठ करायची गरज राहत नाही. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर येणारं हिरवं मखमली मॉस बघा. हे शब्दशः उलटं फर्न आहे. ती हिरवी मखमल म्हणजे एका संचाची, युग्मक (म्हणजे शुक्राणू आणि अंडपेशी) तयार करणारी पिढी, डब्यातल्या प्रोथॅलसची बहीण. पाऊस ओसरता-ओसरता तिच्यावर केसासारख्या तपकिरी दांड्या आणि टोकाला टोपी घातलेल्या डब्या येतात, ती दोन संचांची पिढी. ती आईच्या अंगावरच वाढते, तिच्याच जिवावर. फर्नमध्ये मोठी पिढी बीजाणूंची, मॉसमध्ये युग्मकांची. मॉसला पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या फर्नसारख्या विकसित नाहीत, म्हणून ते बुटकं. आणि पोहायला पाणी लागतं म्हणून ‘वनस्पतिसृष्टीचे उभयचर’. ओल्या अंगणात जमिनीला चिकटलेली, पैशाएवढी हिरवी चक्री दिसली तर ती रिक्सिया, याच गटातली. पावसाळ्यातल्या सात्या आणि टेकोडे बीजाणू सोडतात खरे, पण ती बुरशी आहे, वनस्पती नाही, त्यांचा इथे संबंध नाही. झाडाच्या बुंध्यावरची हिरवी भुकटी शेवाळाची.

फर्नच्या सोयऱ्यांत नदीकाठच्या ओल्या वाळूतलं, पेराचं, हाताला खरखरीत लागणारं एक्विसेटम येतं. खरखर सिलिकामुळे. सेलाजिनेला दोन आकारांचे बीजाणू करते, मोठे मादी, लहान नर. बीच्या दिशेने टाकलेलं ते पाऊल, कारण मोठ्या बीजाणूत शिदोरी बांधायला सुरुवात झाली. मार्सिलिया हीच चाल चालते आणि ती मुलाला दाखवण्यासारखी आहे. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत, तळ्याच्या काठाच्या चिखलात चार पानांची फुली असलेली वनस्पती दिसते ना, तीच. पाणी आटलं की देठांच्या बुडाशी मिऱ्यापेक्षा लहान, कडक काळपट दाणे सापडतात. बी वाटतात, पण त्या बीजाणूंच्या पेट्या आहेत, आणि कोरड्या कित्येक वर्षं टिकतात. त्यातला एक दाणा नेलकटरने कडेला किंचित टोचा आणि बशीतल्या स्वच्छ पाण्यात टाका. थोड्या वेळात कवच उकलतं आणि आतून पारदर्शक जेलीची दोरी अळीसारखी बाहेर येऊ लागते, दोन्ही बाजूंना बीजाणूंच्या पिशव्या घेऊन. फर्नला जे काम करायला तुमच्या डब्यात महिने लागलेत, ते मार्सिलिया साधारण दिवसभरात उरकते, कारण तिचे प्रोथॅलस बीजाणूच्या आतच तयार होतात. न टोचता टाकलात तर मात्र दाणा तसाच राहील.

एक अपवाद सांगतो, शिक्षकांना विचारायला बरा. बंगल्यांच्या फाटकाशी लावलेलं सायकस फर्नसारखं दिसतं, ‘पाम’ म्हणून विकलं जातं, आणि दोन्ही नाही. त्याला बी येते. पण त्याचे शुक्राणू अजूनही शेपट्यांनी पोहतात, फक्त बाहेरच्या पाण्यात नाही, होणाऱ्या बीच्या आतल्या स्वतःच्या थेंबात. जपानमध्ये १८९६ साली गिंको या बी धरणाऱ्या झाडात आणि सायकसमध्ये हे प्रथम दिसलं. म्हणजे बी धरणाऱ्यांनी पाणी सोडलं नाही, सुरुवातीला ते घरात घेतलं.

उपयोगाचं म्हणाल तर यादी पुस्तकात आहे, मी फक्त जवळचं सांगतो. अझोला हे तरंगतं फर्न दुभत्या जनावरांच्या चाऱ्यात आणि धानाच्या बांधीत वापरतात. त्याच्या पानाच्या पोकळीत राहणारे निळे-हिरवे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. अनुकूल हवेत ते चार-पाच दिवसांत दुप्पट होतं, बीजाणूंनी नाही, तुकडे पडून. आपल्याकडे एप्रिलपासून ५० टक्के शेडनेटशिवाय ते लालसर पडून बसतं. त्याचे जीवाश्म आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गारगोटीच्या दगडात सापडलेत. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन केलं. वर नाव आलेलं टेरिस विटाटा मातीतलं आर्सेनिक ओढून पानात साठवतं, हे २००१ मध्ये कळलं. म्हणून नालीकाठचं कुठलंही फर्न तोडून कंपोस्टात किंवा गाईपुढे टाकू नका. डाळिंबाच्या बागवाल्यांना गुटी कलमावर गुंडाळायचं मॉस माहीत असतं, ते स्फॅग्नम. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं.

आणि कोळसा. ‘कोळसा फर्नपासून झाला’ असं सरसकट लिहिलेलं असतं. युरोप-अमेरिकेच्या कार्बोनिफेरस काळातल्या कोळशाला ते बरंचसं लागू आहे, तिथे झाडाएवढे क्लबमॉस (मॉस नव्हे, सेलाजिनेलाचे सोयरे) आणि एक्विसेटमचे पूर्वज होते. पण उमरेड, कामठी, चंद्रपूरचा आपला कोळसा गोंडवनाचा, त्यानंतरच्या पर्मियन काळातला, आणि त्यातलं मुख्य झाड ग्लोसोप्टेरिस. पान जिभेसारखं, नाव फर्नसारखं, पण त्याला बी यायची. परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर लिहायला सांगा, मार्क त्यालाच आहेत, पण खरं हे आहे.

तर ताई, आधी दाटी मोडा, मग पाण्याचा पापुद्रा. चार आठवड्यांनी फोटो टाका: झाकण काढून, उजेड मागून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. सोबत मूळ फर्नच्या पानाचा पुढून आणि मागून असे दोन फोटो टाका. खवल्यांवरून जात सांगता येत नाही, पानावरून येईल, आणि बोस्टन निघालं तर बाकीचं सोडून सरळ धावरेच लावूया.